पाण्याशेजारी घर शोधताना

सहा दिवस आम्ही सातारा आणि सांगली जिल्हे पालथे घातले आणि एकही देऊळ, एकही किल्ला धड पाहिला नाही. पाहिले ते रस्ते, चढ, विहिरी, नदीचे घाट आणि भाड्यानं मिळण्यासारखी घरं. परत आल्यावर पुण्यातल्या शेजारणीनं हौसेनं फोटो बघायला मागितले. प्रत्येक फोटोत एक सायकल, एक पटका बांधलेला म्हातारा आणि मागं पाणी. "हे कुठलं गं ठिकाण?" असं ती तीनदा म्हणाली. तेव्हा सांगत बसायला वेळ नव्हता, सामान बांधायचं होतं. आता लिहून काढते.

मी ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीचा कारखाना लोणंदला आणि मोठं ऑफिस सांगलीशेजारी माधवनगरला. पुण्यातलं ऑफिस बंद करायचं ठरलं आणि साहेबांनी विचारलं, लोणंद की माधवनगर? माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर आधी शाळा आणि दवाखाने बघितले असते. मी विचारलं, तिथं पोहायला कुठं मिळतं? 

मी ट्रायथलॉन करते. आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकली की पळत सुटायचं, मध्ये दम खाणं नाही. हे वेड मला चाळिशीच्या उंबरठ्यावर लागलं. पुण्यात पहाटे पोहण्याच्या तलावावर जायचं, मग ऑफिसला पोचायचं आणि संध्याकाळी त्याच सिग्नलांना थांबत परतायचं, यात माझा सगळा दम रस्त्यावरच संपायचा. म्हणून बदली मला वरदान वाटली. घर असं हवं होतं की कामावर जाणं सुसह्य व्हावं आणि तिन्ही गोष्टींचा सराव दारातून सुरू व्हावा.

यात खरी अडचण पाण्याची होती. मी माणदेशी, आणि हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगते. आमच्या गावात पोहता येणारं माणूस शोधून सापडायचं नाही, कारण पोहायला पाणी लागतं आणि आमच्याकडे पाणी टँकरनं येतं. सायकलवर आणि पळण्यात मला मागं टाकणाऱ्या बायका फार नाहीत, उगाच नम्रपणा कशाला. हे पाय माझ्या वडिलांचे आहेत, मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेले. तलावात मी पोहायला शिकले, तेही झकास. पण गेल्या वर्षी स्पर्धेसाठी धरणात उतरले, खाली बघितलं आणि तळच दिसेना. हिरवा काळोख. छाती आवळली, श्वास आत राहिला तो बाहेर येईना. मला होडीत ओढून घेतलं. काठावर माझी सायकल तशीच उभी होती, ती बघून मला रडू आवरेना. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, वर्षभरात ही भीती गेली नाही तर सायकल विकून टाकायची आणि नाद सोडायचा.

नवरा घरूनच काम करतो. तो म्हणाला, "इंटरनेट आणि चहा असेल तिथं मी सुखी. तू ठरव." वडिलांना, म्हणजे तात्यांना, फोनवर सांगितलं तर ते उखडलेच.

"जागा बघाया तू एकलीच निगालीस व्हय? मग मी कशाला हाय?"

आमच्या धनगरांत कळप हलवायच्या आधी एक जाणता माणूस पुढं जाऊन जागा बघून येतो. पाणी कुठं, सावली कुठं, रात्री मेंढरं बसवायला शेत कोण देणार. ऐन उमेदीत हे काम तात्यांकडे होतं. आता कळप धाकट्या काकाकडे आहे आणि तात्यांना बघायला जागा उरलेली नाही. मी म्हटलं, या. गाडीच्या पाठीला सायकल बांधली आणि निघाले.

लोणंद आणि फलटण

दिवाळी होऊन गेली होती. लोणंद यायच्या आधी लोणंदचा कांदा येतो. काचा बंद असल्या तरी नाकात शिरतो. कारखाना बघितला, माणसं चांगली वाटली, पण राहण्यासारखं गाव कुठलं म्हटल्यावर सगळ्यांनी एका तोंडानं फलटण सांगितलं. तिथं माझा मामेभाऊ दत्ता ऊस लावतो. तात्या आदल्या दिवशीच एसटीनं त्याच्या वस्तीवर येऊन बसले होते.

"पाणी हाय, सावली हाय, आन् आपलं गाव हाकंच्या अंतरावर," गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी निकाल दिला. "हितंच ऱ्हा."

"तात्या, अजून दोन गावं बघायची हायती."

"बघ की. बघाया कोन नगं म्हनतंय?"

त्यांची जागा बघायची एक खास कसोटी आहे. पाणी-सावली सगळेच बघतात. तात्या विचारतात, "हितं मेंढरू चुकलं तर परत येतंय का?" म्हणजे कळपातनं भरकटलेलं जनावर गावातली माणसं हाकत आणून देतात, की गुपचूप आपल्या गोठ्यात बांधतात? लहानपणापासून ऐकलेला हा प्रश्न ते घराबद्दलही विचारायला लागल्यावर मी हसले. फलटणच्या बाजूनं त्यांच्याकडे पुरावा होता. तरुणपणी त्यांची एक गाभण मेंढी इथल्या एका शेतकऱ्यानं खांद्यावर घालून आणून दिली होती. ती गोष्ट त्यांनी मला जेवताना सांगितली आणि झोपताना पुन्हा सांगितली.

सकाळी दत्ताच्या विहिरीत उतरले. विहीर चांगली ऐसपैस, दगडी पायऱ्यांची, पाणी काठोकाठ. पण विहिरीत सरळ जाणार कुठं? मी घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहिले. दत्ता काठावर दात घासत उभा होता.

"ताई, आता उलटी फिर गं. न्हाईतर वर आल्यावर बी गोलच चालशील!"

मग सायकल काढली आणि लोणंदचा रस्ता धरला. सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना ऊस. त्या हवेत गुळमट ओला वास असतो, पायडल मारताना भूक चाळवते. पण हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस आणि ड्रायव्हरच्या मागं भोंग्यावर गाणी. अशा एका ट्रॉलीमागं मी वारा चुकवायला चिकटून चालले होते. हे शहाणपण मला चांगलंच भोवलं. वरून एक ऊस निसटला, पुढच्या चाकात गेला आणि मी सायकलसकट पाटात. ड्रायव्हर उडी मारून धावत आला.

"ओ ताई! मरायला माझीच ट्रॉली घावली व्हय?" मला उठवून बसवलं, कोपर धुतलं आणि तोच ऊस मोडून अर्धा माझ्या हातात दिला. "खावा. तुमच्याच चाकातला हाय."

कडेला बसून तो ऊस खाल्ला. गोड होता. पण हंगामाचे पाच महिने हा रस्ता असाच राहणार, हे मला त्या पाटात बसून कळलं. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग पाच म्हयनं गाडीनं जा."  फलटण त्यांच्या इतकं मनात होतं की त्यांचा बेत मोडायला माझा जीव होईना.

सातारा

सातारला जाताना आदर्कीचा चढ लागला आणि मला सायकलवर नसल्याचं वाईट वाटलं. तात्यांचा चेहरा मात्र पडलेला. सातारचं आणि त्यांचं जुनं वाकडं आहे. यवतेश्वरच्या खाली त्यांची एक काळी मेंढी चुकली होती, ती आजतागायत परत आलेली नाही.

पहाटे यवतेश्वरचा घाट चढायला घेतला. सातारकरांचं मी तोंड भरून कौतुक करते. त्या थंडीत, अंधार धड सरलेला नसताना, घाटात शंभरेक माणसं पळत होती. कॉलेजच्या मुली, डॉक्टर, साडीवर बूट घातलेल्या आज्या. एकमेकांना हाक मारतात आणि चढावर कुणी थांबलं तर पाठीवर थाप मारून पुढं जातात. पुण्यात पळताना लोक घड्याळ बघतात, इथं माणसाकडे बघत होते.

एका वळणावर निवृत्त हवालदार भेटले. साठीचे, सरळ काठीसारखे. मी सायकलवर, ते पायी, तरी बराच वेळ माझ्या चाकाच्या बरोबरीनं पळत होते.

"आवाज कशाला करताय श्वासाचा? आराम से. गाणं म्हणता येईल एवढाच जोर लावायचा." आणि त्यांनी खरंच गाणं म्हणायला सुरुवात केली. मी गियर टाकला आणि त्यांना मागं टाकलं. वर पोचल्यावर त्यांनी सॅल्यूट ठोकला. त्या सॅल्यूटसाठी मी परत तो घाट चढीन.

वर तात्या गाडीजवळ थांबले होते. हवालदारांनी विचारपूस केली तर तात्यांनी थेट काळ्या मेंढीचं प्रकरण काढलं. हवालदारांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"काका, ह्या रानात बिबट्या आहे. माणसानं नाही नेली, त्यानं नेली."

तात्यांनी खालच्या रानाकडे बघितलं. "बिबट्या व्हय..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग सातारची मानसं बरी हायती." इतक्या वर्षांचं वैर असं उभ्या उभ्या मिटलं. खाली येऊन त्यांनी स्वतःहून कंदी पेढे घेतले.

मी तर सातारच्या प्रेमात पडले होते. पण घर म्हणजे नुसती पहाट नाही, कामावरही जायचं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसची वेळ धरून गाडीनं लोणंदला जाऊन बघितलं. वाठार, मग सालपे घाट, आणि लोणंदच्या अलीकडे कांद्याच्या गाड्यांची ही रांग. बाजाराचा दिवस होता. जाऊन येऊन माझी कंबर मोडली. आणि पाण्याचं काय? तलाव आहे, पण तलाव मला पुण्यातही होता. परतीच्या वाटेवर कण्हेर धरणाकडे गेले. निळंशार, विस्तीर्ण पाणी, काठावर पाण्यात उतरायला मनाई असल्याचा फलक. खरं सांगायचं तर तो फलक बघून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. डोंगर मला येत होताच. मला ज्याची भीती वाटते ते खोल पाणी सरावाला इथं नव्हतं.

सांगली

सांगलीकडे जाताना तात्या खिडकीतून बघत होते. "ऊस, ऊस, ऊस. मेंढरानं खायाचं काय हितं?" कळप घेऊन ते या बाजूला कधी आले नव्हते. गाव त्यांना अनोळखी आणि घरापासून सगळ्यांत लांब. माधवनगरचं ऑफिस बघितलं. तिथून सांगलीत नदीकाठी यायला सायकलवर चहा निवायच्या आत. वाटेवर बंद पडलेल्या गिरण्या, जुनी झाडं, सकाळी भडंगाच्या चुरमुऱ्यांचा खमंग वास. मी मनात बेत रचायला लागले होते. तासगावच्या द्राक्षबागांमधून लांबची सायकल, चढ हवा असेल तर दंडोबाचा डोंगर, पळायला आमराई. राहिली कृष्णा.

पहाटे घाटावर गेलो. धुकं पाण्यावर टेकलेलं, आयर्विन पूल त्यात अर्धा बुडालेला. आणि पाण्यात माणसं! इतकी माणसं की नदी त्यांची रोजची गल्ली असावी. दुकानदार, मास्तर, वकील, बायकांचा वेगळा घोळका. पायऱ्यांवर कपड्यांच्या घड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक घडीवर चपलांचा जोड.

बायकांच्या घोळक्यात साठीच्या शैलाताई होत्या. त्यांची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे आणि घाटावरच्या निम्म्या बायकांना त्यांनीच पोहायला शिकवलंय. आवाज असा, की पलीकडच्या सांगलीवाडीत ऐकू जावा.

"नवीन काय ओ? या की. कापडं हितं ठेवायची, घडी घालून. चपला वर. चपलांचं तोंड पाण्याकडं."

"का?"

"म्हणजे कळतंय, माणूस पाण्यात हाय."

मी माझा परदेशी ट्रायसूट घालून, गॉगल लावून सज्ज झाले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "नदीत पोहलाय कधी?" मी नाही म्हटलं. त्यांनी तेलाचा एक रिकामा कॅन उचलला आणि काही कळायच्या आत माझ्या पाठीवर दोरीनं बांधला. पूर्वी म्हणे वाळलेला भोपळा बांधायचे. शेजारी सात-आठ वर्षांच्या दोन मुली तसेच कॅन बांधून उभ्या होत्या, त्या माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. पदकं मिळवलेली बाई मी! पण बोलायची सोय नव्हती.

तात्या वरच्या पायरीवर बसून एका आजोबांशी बोलत होते. अचानक ताडकन उठले.

"पोरी, वर ये! हितं मगर हाय म्हनं!"

"हाय की," शैलाताई म्हणाल्या. "पार वर, भिलवडीच्या अंगाला. दिसली की आमी दोन-चार दिवस उतरत न्हाई. आता न्हाई दिसल्याली. तुमी बसा निवांत."

निवांत कसले बसतात? पण मी उतरले होते. पाणी थंड, गढूळसर. पाय टेकेनासा झाला आणि खाली तोच हिरवा काळोख. छाती आवळायला लागली. मी हातपाय झाडायला लागले तशा शैलाताई शेजारी आल्या, मला हात न लावता.

"बोलत ऱ्हावा. काय जेवलासा काल?"

"भा... भाकरी..."

"कशाबरोबर?"

"मा... माडगं."

"ते काय असतंय?"

"हुलग्याचं."

"कसं करतासा? सांगा की, आमच्याकडं न्हाई करत."

बुडायला आलेल्या बाईला कुणी पाककृती विचारतं का? पण त्यांचा आवाज असा होता की उत्तर द्यावंच लागलं. हुलगे भाजायचे, दळायचे, पाण्यात कालवायचे, लसूण ठेचायचा, गूळ घालतात तो निराळा प्रकार. बोलायचं तर श्वास सोडावा लागतो, आणि आत अडकलेला श्वास सुटला की नवा आपोआप येतो. माडगं उकळून वाढेपर्यंत माझ्या पायाला गाळ लागला. आम्ही सांगलीवाडीच्या काठाला पोचलो होतो. मी मागं वळून बघितलं. एवढी मोठी कृष्णा, आणि मी माणदेशची पोर तिच्या अलीकडून पलीकडे आले होते. मी मोठ्यानं ओरडले. कॅनवाल्या मुलीही ओरडल्या.

दुसऱ्या सकाळी मी कॅनशिवाय उतरले. शैलाताई मुलींना शिकवत होत्या, म्हणाल्या, जाऊन या. मी एकटी गेले. मनातल्या मनात सगळा स्वयंपाक बोलत गेले, पिठलं, ठेचा, मटणाचा रस्सा. पलीकडे हात टेकवला आणि परत फिरले. येताना इतकं छान वाटत होतं, की आपण कुठं चाललोय ते बघायचं राहूनच गेलं. पाण्याची ओढ सौम्य असली तरी असतेच. डोकं वर काढलं तर समोर आमचा घाट नव्हता, बंधाऱ्याच्या बाजूचा, बराच खालचा दुसराच घाट होता. तिथं दोन म्हाताऱ्या पूजेचं आवरून थर्मासातला चहा पीत बसल्या होत्या.

"कुठनं पोहत आलीस गं?"

मी हातानं सगळी नदी दाखवली. त्यांनी तोंडात बोट घातलं, मला शाल पांघरली आणि चहा दिला. मग मी काय थांबते! धरण, होडी, कॅन, माडगं, सगळं सांगितलं. त्याही कौतुकानं ऐकत होत्या. आयुष्यात इतका चवदार चहा मी प्यायलेले नाही. पायरीवर ठेवलेल्या कपड्यांची मला आठवणही झाली नाही.

चहा झाल्यावर नदीकाठच्या रस्त्यानं अनवाणी परत निघाले, मजेत, ओले केस झटकत. आणि मला तो आवाज ऐकू आला. जीभ टाळ्याला लावून, घशातून काढलेली लांब, कापत जाणारी हाळी. दिवस मावळताना माळावर मागं राहिलेल्या मेंढीला बोलवायची हाळी. सांगलीत हा आवाज काढणारं माणूस एकच होतं. मी पळत सुटले.

घाटावर सगळे उभे होते. एरवी या वेळेला घाट रिकामा होतो, माणसं दुकानं उघडायला, शाळेत, कचेरीत जातात. आज कुणीही हललं नव्हतं. तिघं-चौघं पुन्हा पाण्यात होते, एक होडी पुलाकडे गेली होती. शैलाताई ओल्या कपड्यांत तशाच. पायरीवर फक्त माझी घडी उरलेली, वर चपला, तोंड पाण्याकडे. आणि तात्या, जन्मात ओढ्यापलीकडे पाण्यात पाय न घातलेले, मगर असल्याचं माहीत असलेले माझे तात्या, कमरेएवढ्या कृष्णेत उभे होते. धोतर पाण्यावर फुगलं होतं. एका मास्तरांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि ते नदीकडे तोंड करून हाळी घालत होते.

"तात्या!"

त्यांनी वळून बघितलं.  पायऱ्या चढून वर आले आणि मटकन बसले. 

बोलल्या शैलाताई, आणि त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती जन्मभर विसरणार नाही. "पायरीवर कापडं हायेत तवर हितनं कुणी घरी जात न्हाई. शेवटची कापडं उचलल्याशिवाय घाट मोडत न्हाई. कुठंबी बाहेर निघा, पण आधी हितं येऊन तोंड दाखवा. कळलं?"

कळलं. मान वर करून बघायची हिंमत नव्हती.

"आता चपला घाला."

मी चपला घातल्या. घडी उचलली. तेव्हा कुठं मास्तर शाळेला निघाले, दुकानदारांनी किल्ल्या काढल्या, होडीला हाका गेल्या. कुणी कपाळाला आठी घातली नाही. एक वकील जाताना म्हणाले, "कडेपर्यंत गेलात ना? मग झालं तर."

दुपारी खानावळीत जेवायला बसलो. तात्यांनी अर्धी भाकरी संपवली. मी म्हटलं, "चुकलं माझं. आपण फलटणच घेऊया. तुमालाबी यायला-जायला जवळ."

"फलटण जवळ हाय," ते ताटाकडे बघत म्हणाले. "म्हून तर मी म्हनत हुतो. दुसरं काय न्हवतं त्यात." मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "आज माजं मेंढरू चुकलं हुतं. समदा घाट थांबला. घर हितंच घे."

 मी तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायले.

घर शैलाताईंनीच बघून दिलं, घाटापासून हाकेच्या अंतरावर, वरचा मजला. मी रोज सकाळी पोहून, माडीवर येऊन, सायकलनं माधवनगरला जाते. नवऱ्याला इंटरनेट आणि चहा मिळाला, वर भडंग मिळालं. तात्या दोन महिन्यांतून एकदा एसटी बदलत येतात आणि माझ्या कपड्यांशेजारी बसतात. घाटावर आता ते माझ्यापेक्षा जास्त ओळखीचे आहेत.

यंदाची स्पर्धा त्याच धरणात होती. ज्या काठावर मला होडीनं आणून सोडलं होतं, त्याच काठावरून मी पाण्यात शिरले. खाली हिरवा काळोख होताच. मी माडगं करायला घेतलं, आणि ते उकळायच्या आत पुढं निघून गेले. परतीच्या टोकाला आले, पायाला वाळू लागली, उभी राहिले आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. माझ्या मागं अजून बऱ्याच पोहणाऱ्यांच्या टोप्या पाण्यात होत्या, हेही सांगून ठेवते.

काठावर सायकलींकडे जाणारा गालिचा अंथरला होता. त्याच्या अगदी मधोमध माझ्या रबरी चपला होत्या, तोंड पाण्याकडे. शेजारी तात्या, पटका नीट बांधून. स्पर्धेचा एक कार्यकर्ता त्यांना विनवत होता, "काका, उचला ना त्या. इथून खेळाडू पळणार आहेत."

"पळू देत की," तात्या म्हणत होते. "पोर पान्यात हाय माजी. ती आल्याबिगर चपला हलायच्या न्हाईत."

मग त्यांनी मला बघितलं. वाकले, चपला उचलून काखेत मारल्या आणि त्या कार्यकर्त्याला म्हणाले, "हां, आता घ्या तुमचा रस्ता. आली."